गळा आणि गाऱ्हाणं

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गळा : ठीक. सकाळी थोडी खरखर.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी गळ्याची नोंद ठेवायला सांगितलंय. किती वेळ गायलो, काय खाल्लं, कुठे टोचतंय. मी म्हटलं, मॅडम, मी गात नाही, गुरगुरतो. त्या म्हणाल्या, तेच लिही. गळ्याचं दोन ओळींत संपतं आणि पान रिकामं राहतं, म्हणून बाकीचंही लिहितोय.

आजपासून 'भगदाड'चा पहिला अल्बम रेकॉर्डिंगला लागला. भगदाड म्हणजे आम्ही तिघं. मी बेस वाजवतो आणि ओरडतो. गिटारवर मधुवंती. मुलुंडच्या गाण्याबजावण्याच्या घरातली मुलगी, आईबापाने हौसेने रागाचं नाव ठेवलं आणि ही शिरली हेवी मेटलमध्ये. ड्रम्सवर भीमराज, घाटकोपरचा. तो बोलत नाही, एकदम बडवायला लागतो. स्टुडिओ सम्यकचा, अंधेरी एमआयडीसीतला एक गाळा. शेजारच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनवणारं मशीन धडधडतं, ते शुक्रवारी बंद असतं. त्यामुळे आमचा अल्बम फक्त शुक्रवारी होणार. मी ऑफिसात शुक्रवारच्या बदल्यात रविवार लावून घेतलाय.

आणि बाबा आले. न सांगता, पिशवीत नारळ घेऊन. बाबा म्हणजे आमच्या गावच्या मुंबई मंडळातले गाऱ्हाण्याचे एक नंबर. नवी रिक्षा घेतली, बोलवा गुरवांना. सोसायटीचा गणपती, बोलवा गुरवांना. एकदा आमच्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हाही गाऱ्हाणं घातलं होतं. मला लाज वाटली, पण मधुवंती म्हणाली, घालू दे ना यार. तिला समजावलं की एक जण देवाशी बोलतो, मागणं मागतो, आणि त्याचं वाक्य संपलं की बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आपलं काम एवढंच.

बाबा माइकसमोर उभे राहिले, डोळे मिटले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या पोरांनी जा काय काम हातात घेतलेला आसा, ता तुझ्या कृपेन पार पाड. कोनाची नजर, कोनाचा वाकडा-नकडा आसात तर ता भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. पुढे गावाचं, देवळाच्या पाळीचं नेहमीचं काहीतरी होतं, तोवर मी बेसची तार लावत होतो. लहानपणापासून ऐकतोय, शब्द कोण ऐकतं? पण शेवटचं 'व्हय' मी असलं ओरडलो की भीमराज दचकला.

सम्यकने हे सगळं गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. लावून ऐकवलं. बाबांचा आवाज आमच्या तिघांपेक्षा जड आहे. मधुवंती म्हणाली, हेच पहिलं गाणं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे आवडलं त्यांना. आई गेल्यापासून असे कधी बघितले नव्हते. बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर

गळा : बरा. आल्याचं पाणी.

बाबांच्या आवाजाखाली मधुवंतीने एकदम संथ गिटार रचलीय. भीमराज दर 'व्हय'ला एकच ठोका देतो. झकास झालंय. मी स्वतःच्याच बँडवर खूश असणं बरं दिसत नाही, पण इथे कोण वाचतंय!

घरी वातावरण नरम. कुंदाआत्या गावच्या देवळाच्या पायरीवरून पडली, मांडीचं हाड मोडलं. बाबांची ही एकच बहीण. लग्न केलं नाही, गावचं घर तीच बघते. आम्ही गावच्या रवळनाथाचे गुरव. देवळाचं काम भावकीच्या घरांत आळीपाळीने फिरतं. ज्या घराची पाळी, त्यांच्यातल्या एकाने वर्षभर गावात राहायचं, सकाळची पूजा, तिन्हीसांजेचा दिवा. आमची पाळी या शिमग्यापासून लागते आणि आत्या खाटेवर. मी म्हटलं, चुलत्यांपैकी कुणीतरी करेल ना! बाबा म्हणाले, "होतला ता होतला." टेन्शन घेत नाहीत, हे चांगलंय. स्टेंट बसवल्यापासून डॉक्टरांनी तेच सांगितलंय.

१३ डिसेंबर

गळा : बसला. मॅडम ओरडल्या. म्हणजे त्या ओरडू शकतात.

बाबांना अल्बममध्ये एवढा इंटरेस्ट येईल असं वाटलं नव्हतं. रोज विचारतात, कुठपर्यंत आलं, शिमग्याआधी पुरं होईल ना? मी म्हटलं, होईल, मार्चच्या सुरुवातीला बाहेर. मान हलवली. आज दादरहून पूजेची दोन नवी सोवळी आणली. एक स्वतःसाठी, एक माझ्या मापाचं. मी म्हटलं, मी काय हे नेसून स्टेजवर जाऊ? हसले. म्हणाले, लागेल. खरं तर वाईट आयडिया नाहीये, मधुवंतीला विचारतो.

१० जानेवारी, शुक्रवार

गळ्याचं मरो.

मधुवंतीने सांगितलं, पहिल्या गाण्याचे शब्द लिहून दे, अल्बमसोबत छापायचेत, मालवणी तिला कळत नाही. हेडफोन लावून बसलो. थांबवत, मागे नेत, एकेक शब्द.

"आणि ह्या काम पार पडला काय, ह्या पाळयेक माझो झील तुझ्या पायाकडे ऱ्हवतलो, वरीसभर तुझो दिवो लावतलो, ह्या माझा बोलना आसा म्हाराजा!"

व्हय म्हाराजा.

झील म्हणजे मुलगा. म्हणजे मी. आणि 'व्हय'मध्ये मधुवंतीचा आवाज, भीमराजचा, आणि त्या दोघांच्या वर माझा. घसा फाडून, सगळ्यांचं संपल्यावरही चालूच. या 'व्हय'वर आम्ही आख्खं गाणं बांधलंय. शेवटी तेच चार वेळा येतं.

मधुवंतीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, घसा. उरलेला दिवस तिथेच बसून होतो आणि ते दोघं माझं 'व्हय' परत परत लावत होते, कुठे जोरात वाटतंय, कुठे हळू.

११ जानेवारी

बाबा भेंडी चिरत होते. मी विचारलं, माझ्या नावाने हे काय बोललात तुम्ही देवासमोर?

"तू व्हय म्हनलंस."

मी म्हटलं, मी ऐकलंच नव्हतं.

"देवान ऐकल्यान."

चिडले असते तर भांडलो असतो. चिडले नाहीत. भेंडी चिरत सांगत राहिले. मुंबईला यायला निघाले तेव्हा आजोबांनीही असंच गाऱ्हाणं घातलं होतं, माझा मुलगा पाळीला येईल, आणि बाबा व्हय म्हणाले होते. नंतर पाळी आली तेव्हा आरे डेअरीतून वर्षाची रजा कोण देणार? गेले नाहीत. आत्याने केलं. पुढची पाळीही तिनेच केली, बाहेरचं सगळं ती आणि गाभाऱ्यापुरता चुलतभाऊ यायचा. मध्ये एक चांगलं स्थळ आलं होतं, ते पाळी संपेपर्यंत थांबलं नाही. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, आता तिच्याच्याने होत नाही.

मी म्हटलं, म्हणून मला अडकवलंत. ते म्हणाले, विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. बरोबर आहे. नाहीच म्हणालो असतो.

१९ जानेवारी

पुण्याचा शो ठरला. कोल्हापूर ठरलं. बंगलोरहून विचारणा आलीय. मधुवंतीने नोकरी सोडली. सांगताना हसत होती, मग लगेच शोंचे पैसे मोजायला बसली. मी म्हटलं, भारी! दुसरं काय म्हणणार?

मी देव मानतो की नाही मला माहीत नाही. कुणीही म्हणेल, सोड ना, हवेतले शब्द ते. पण हवेतले असते तर विरले असते. रोज प्रॅक्टिसला हे वाजतं. बाबा बोलतात, मी व्हय म्हणतो. बाबा बोलतात, मी व्हय म्हणतो. माझा आवाज, माझं गाणं, आणि त्याच्या आत मी कोंडलोय. कुणाला सांगायची सोय नाही. मधुवंती एक तर हसेल, नाही तर तिला कळेल. कळलं तर जास्त वाईट.

३१ जानेवारी, शुक्रवार

गळा : बरा.

ते वाक्य काढलं. सम्यकला म्हटलं, बाबांचा तिथे एक शब्द चुकलाय, गावचे लोक हसतील. त्याने माऊसने पट्टी निवडली, बटण दाबलं, संपलं. आता आधीच्या वाक्यानंतर थोडी शांतता आहे आणि मग एकदम 'व्हय म्हाराजा'. कशाला व्हय म्हणतोय ते कळत नाही. मधुवंती भुवया चढवून म्हणाली, आधी जास्त भरलेलं वाटायचं. भीमराज पहिल्यांदाच काहीतरी बोलला. म्हणाला, पायरी चुकल्यासारखं होतं. मी म्हटलं, असू दे, रात्री झोप लागते ना ते महत्त्वाचं. त्यांना वाटलं मी जोक मारला.

७ फेब्रुवारी

बाबांना अख्खा अल्बम ऐकवला. माझे मोठे हेडफोन लावून खुर्चीत बसले, हात जोडून. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाले, परत लाव. परत लावलं. मग हेडफोन काढले, नीट गुंडाळून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बरा झाला." त्यांना कळलंच नाही. उगाच घाबरलो होतो.

संध्याकाळी कपाटातून दोन्ही सोवळी काढली. एकाला इस्त्री करून ठेवली, माझ्या मापाचं परत घडी घालून वर टाकलं. विचारलं तर म्हणाले, तुला कशाला, तुझे कार्यक्रम आहेत. पाळीचं बघू काहीतरी. म्हणजे चुलत्यांशी बोलले असणार. सुटलो!

९ मार्च, रविवार

परवा अल्बम बाहेर आला, आज लाँच. अंधेरी वेस्टचा छोटा हॉल, काळ्या टी-शर्टवाली पोरं पुढे आणि मागच्या खुर्च्यांवर आमचं ग्रामस्थ मंडळ, इस्त्रीचे पांढरे शर्ट, कानात कापूस. पहिलं गाणं बाबांनी प्रत्यक्ष म्हणायचं ठरलं होतं. कल्पना मधुवंतीची.

बाबा इस्त्रीचं सोवळं नेसून स्टेजवर आले तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. गिटार सुरू झाली. कोनाची नजर, वाकडा-नकडा, सगळं रेकॉर्डसारखंच. अख्खा हॉल व्हय म्हाराजा म्हणत होता, मंडळवाले तर उभे राहून. मग ती शांततेची जागा आली. भीमराजने काठी वर उचलून धरली. आणि बाबा थांबले नाहीत.

"पोरांचा काम तू पार पाडलंस म्हाराजा. आता बोलल्यापरमान पाळयेक मीच येतंय. माझ्या झिलाक मोकळो कर. ता बोलना माझ्या आंगावर ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

या वेळी मी ऐकत होतो. शब्दन् शब्द ऐकला. पण 'रे म्हाराजा' आलं आणि तोंड आपोआप उघडलं. भीमराजचा ठोका पडला आणि मी ओरडलो, व्हय. सगळ्यांत मोठ्याने, सगळ्यांत लांब. हॉल पेटला. पोरं एकमेकांवर आपटत होती. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जपून पायऱ्या उतरून गेले.

मी बाकीची सगळी गाणी गायली. कशी, ते आठवत नाही. सगळे म्हणाले, आग लावलीस.

१२ मार्च

बाबा गेले. सगळे शिमग्याला जातात तसे, पण परत यायचं तिकीट नाही. हायवेवर बसमध्ये बसवून दिलं. गोळ्यांचा डबा मी भरून दिला, देवळाच्या पायऱ्या दमाने चढा म्हटलं. रात्री बोललो होतो, बाबा, जाऊ नका, मी येतो. म्हणाले, तू सुटलास, आता मागे बघू नको. मी परत नाही विचारलं. खरं लिहायचं तर आत कुठेतरी हायसं वाटलं. तेवढ्यासाठी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घर पूर्ण माझं. वाटेल तेवढा ओरडू शकतो. ओरडावंसं वाटत नाही.

१८ एप्रिल

गळा : उत्तम. मॅडम म्हणाल्या, इतका बरा कधी नव्हता.

अल्बमबद्दल कुणीतरी मोठं लिहिलंय. पहिलं गाणं सगळ्यांत भारी म्हणे, त्यातली ती अचानक शांतता म्हणजे कमाल. सम्यकला विचारलं, ते काढलेलं वाक्य परत घालता येईल का? तो म्हणाला, वेडा झालास काय, सगळीकडे गेलंय ते आता.

आत्याचा फोन येतो. बाबा समोर नसले की खरं सांगते. पायऱ्यांवर मध्ये बसतात. एकदा कळशी तिथेच ठेवून खाली आले. छातीचं विचारलं की चिडतात, तालुक्याच्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. दिवा लावायचं राहील म्हणतात. मी म्हटलं, त्यांना फोन दे. बाबा फोनवर आले आणि म्हणाले, "जेवलंस? गळो बरो आसा?"

स्टेजवर आता बाबांचं रेकॉर्डिंग वाजवतो. शांतता येते आणि मी व्हय म्हणतो. लोकांना वाटतं कशालाच नाही. मला माहितीये कशाला. बाबांना तिकडे पाठवायला.

२१ मे, बुधवार

शनिवारी पुण्याचा शो. बाबांनी तिन्हीसांजेला देवळातून फोन लावला. दिवा लागला होता, शोसाठी गाऱ्हाणं घालतो म्हणाले, स्पीकर चालू कर. आत्या काठी टेकत आली होती, तिचाही आवाज आला. बाबा एवढं बोलले तरी धाप लागली होती.

मी म्हटलं, बाबा, थांबा. आज मी घालतो.

हसले. तुला येतं? मी म्हटलं, आयुष्यभर ऐकलंय. ते म्हणाले, घाल तर.

स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहिलो, फोन डब्याला टेकवून. डोळे मिटले. माझी मालवणी फाटकी आहे, पण चाल अंगात होती. बा देवा रवळनाथा म्हाराजा, पुण्याचो कार्यक्रम नीट पार पाड. पलीकडून दोघांचं, व्हय म्हाराजा. कुंदाआत्येचो पाय बरो कर. व्हय म्हाराजा. कोनाचा वाकडा-नकडा आसात तर भायर घालव. व्हय म्हाराजा. बाबांचा आवाज लागत चालला होता, त्यांना बरं वाटत होतं ते कळत होतं. मी न थांबता, त्याच चालीत, त्याच श्वासात पुढे गेलो.

"आणि जून संपलो काय बाबा मुंबयक येतले, डॉक्टराक दाखवतले, आणि पाळयेचे उरलेले म्हयने मी तुझ्या पायाकडे ऱ्हवतलंय. ह्या माझा बोलना आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा म्हणाले. आत्याच्या आधी. मोठ्याने.

बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आत्या हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"रे मेल्या," बाबा म्हणाले. "फसवलंस माका."

मी म्हटलं, "देवान ऐकल्यान."

त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने आत्याने परत लावला, बाबा पायरीवर बसलेत म्हणाली, तुझ्यावर चिडलेत आणि चहा मागतायत.

वरच्या फळीवरून सोवळं काढलं. मापाचं आहे.

बंगलोर सप्टेंबरात आहे. मधुवंतीने नोकरी सोडलीय. भीमराज काहीच बोलणार नाही, ते तर आणखी वाईट. शुक्रवारी प्रॅक्टिस आहे, तेव्हा दोघांना सांगायचंय, पहिल्यापासून, ते काढलेलं वाक्यही. कसं सांगणार ते माहीत नाही.

गळा : आज अजिबात ओरडलो नाही. तरी बसलाय.